महिला सायक्लोक्रॉस: पन्नास मिनिटांच्या चिखलामागचं शतक

काळ्या मातीचा चिखल काय चीज आहे, हे सोलापूरकरांना सांगावं लागत नाही. सप्टेंबरात शेतरस्त्यावरून सायकल काढली की थोड्याच अंतरात टायर आणि मडगार्ड यांच्यामधली फट लिंपली जाते, चाक फिरेनासं होतं आणि सायकल उचलून बांधावर घ्यावी लागते. सायक्लोक्रॉस हा खेळ इथूनच सुरू होतो. जिथे चालवता येत नाही तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर टाकून पळायचं, पुढे पुन्हा उडी मारून बसायचं, आणि हे सगळं वेग न मोडता करायचं.

सुरुवात फ्रान्समधली. रस्त्यावरच्या शर्यतींचा हंगाम संपला की हिवाळ्यात सायकलस्वार शेतं, ओढे, कुंपणं ओलांडत अंगातली ऊब टिकवत. दानिएल गूसो यांनी १९०२ मध्ये त्याला फ्रान्सच्या राष्ट्रीय स्पर्धेचं रूप दिलं. ऑक्ताव्ह लापीझ या सायकलपटूनं १९१० ची टूर द फ्रान्स ही मोठी रस्त्यावरची शर्यत जिंकली आणि यशाचं श्रेय हिवाळ्यातल्या या धावपळीला दिलं, तेव्हा खेळाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा १९५० मध्ये पॅरिसला झाली. ती जाँ रोबिकनं जिंकली. तो १९४७ च्या टूरचा विजेता.

महिलांना मात्र आणखी पन्नास वर्षं थांबावं लागलं. त्यांची पहिली जागतिक स्पर्धा २००० साली नेदरलँड्समधल्या सिंट-मिखिल्सखेस्टलला झाली. जर्मनीची हांका कुप्फरनागल पहिली, ब्रिटनची लुईझ रॉबिन्सन दुसरी, नेदरलँड्सची डॅफ्नी फान डेन ब्रांड तिसरी. तयार खेळाडू होत्या, शर्यतच नव्हती.

शर्यत मिळाली, पण आखूड. बराच काळ महिलांची शर्यत ४० मिनिटांची होती, पुरुषांची एका तासाची. फरक नुसता वीस मिनिटांचा वाटतो, पण खेळावर त्याचा परिणाम खोल होतो. सुरुवातीला आठ-आठच्या रांगा लावतात आणि रांगेतली जागा आंतरराष्ट्रीय क्रमवारीवर ठरते. सुरुवातीचा रुंद पट्टा संपला की मार्ग काही ठिकाणी जेमतेम ३ मीटर उरतो. चौथ्या रांगेतली खेळाडू पहिल्याच वळणावर गर्दीत अडकते, तोवर पुढच्या दहाजणी निसटलेल्या असतात. वेळ जितका कमी, तितकी ही सुरुवातच निकाल ठरवते. आता महिलांची शर्यत सुमारे ५० मिनिटांची आहे आणि मागून वर येणाऱ्या खेळाडूला खरोखर संधी मिळते. वेळ, सारखं बक्षीस आणि मुलींचे वेगळे गट यांसाठी ब्रिटनच्या हेलन वायमननं आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या आयोगावर राहून चिकाटीनं पाठपुरावा केला. २३ वर्षांखालील मुलींची जागतिक शर्यत २०१६ मध्ये आली, ज्युनियर मुलींची २०२० मध्ये. त्याआधी कोवळ्या मुलीही थेट मातब्बरांच्या रांगेत उभ्या राहत.

नेदरलँड्सची मारियान फोस २००६ मध्ये झेडामला पहिल्यांदा जगज्जेती झाली तेव्हा ती १८ वर्षांची होती. पुढे २००९ ते २०१४ सलग सहा वेळा ती जिंकली. आठवं पद २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फेएटव्हिलला, लुसिंडा ब्रांडला शेवटच्या स्प्रिंटमध्ये मागे टाकून मिळालं. एकाच खेळाडूच्या कारकिर्दीत हा खेळ किती बदलला, हे या १६ वर्षांत दिसतं.

आताच्या हंगामातला शनिवार-रविवार म्हणजे बहुधा दोन गावांत दोन शर्यती. मार्ग २.५ ते ३.५ किलोमीटरचा, त्याच्याच फेऱ्या मारायच्या. टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, त्यामुळे पकड मिळवायची ती नक्षी आणि हवा यांतून. कोरड्या गवताला जवळजवळ गुळगुळीत टायर, ओल्याला मधल्या नक्षीचा, गाऱ्याला उंच गुट्ट्यांचा. हलक्या खेळाडूला २० पौंडांच्या आसपास हवा पुरते. रस्त्याच्या सायकलला ८०–९० पौंड भरणाऱ्याला हे खोटं वाटेल. त्याहून कमी ठेवली तर झाडाच्या मुळावर रिम आपटते, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) टायर कडेनं हवा सोडतो आणि ट्यूब्युलर (रिमला गोंदानं चिकटवलेला) असेल तर गोंद सुटून टायरच रिमवरून निघतो. जास्त ठेवली तर तिरक्या उतारावर मागचं चाक घसरतं. म्हणून सकाळच्या सरावफेरीत एक-एक पौंड सोडत, तोच वळणाचा तुकडा तीन-चारदा चालवून पाहायचा.

चिखल जड असेल तर एका फेरीत दोनदा सायकल बदलतात. मदतनीस उतरलेली सायकल दाबाच्या पाण्यानं धुतो, चेनला तेल लावतो आणि पुढच्या खेपेला तयार ठेवतो. बदल फक्त ठरलेल्या पिटमध्येच, म्हणजे मार्गालगतच्या राखीव पट्ट्यातच, करता येतो. पिट ओलांडल्यावर पंक्चर झालं तर पुढच्या पिटपर्यंत तशीच रेटत नेण्यावाचून किंवा खांद्यावर घेऊन पळण्यावाचून इलाज नाही. शनिवारी रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते सुकवायचे आणि ब्रेक पॅड काढून पाहायचे, कारण वाळूमिश्रित चिखल एका शर्यतीत पॅड पत्र्यापर्यंत खातो. रविवारी ब्रेकची मूठ हँडलला टेकली की दोष बहुधा आदल्या रात्रीच्या कंटाळ्याचा असतो.

युरोपात हा हंगाम शरद ऋतूपासून फेब्रुवारीपर्यंत चालतो. आपल्याकडे तेव्हा शेतात ज्वारी असते, जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते आणि दुपार तिशीच्या घरात असते. शर्यतीत खाणंपिणं देण्यास मनाई आहे, पारा २० अंशांवर गेला तरच पंच सूट देऊ शकतात. सोलापुरात ती सूट रोजच लागेल. दुसरा प्रश्न सराट्याचा. माळावरचा हा काटा पातळ टायर चाळणीसारखा करतो, तेव्हा इथे सरावाला ट्यूबलेस आणि आत सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारा द्रव) असलेलाच टायर बरा.

उतरण्याचा सराव मात्र कुठल्याही मोकळ्या मैदानावर होतो. शर्यतीतल्या अडथळ्यासारख्या जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर उंचीच्या दोन फळ्या, मध्ये ४ मीटर अंतर. उजवा पाय मागून फिरवून सायकलच्या डावीकडे आणायचा, डावा हात हँडलवर, उजवा दांडीवर. डावा पॅडल (बूट त्याला क्लिपनं अडकलेला असतो) फळीच्या तीन-चार पावलं आधी सोडायचा. नवख्या मुली तो अगदी फळीपाशी सोडतात आणि बुटाची क्लिप अडकली की तोंडावर पडतात. म्हणून पहिला आठवडा फळ्यांऐवजी जमिनीवर चुन्याच्या दोन रेघा मारून काढावा.