नवं औषध आलं. ते द्यायला कोण शिकलं?

बाल्टिक समुद्रात स्वीडनचं गोटलंड नावाचं बेट आहे. 1980च्या दशकात तिथली लोकसंख्या साधारण 56 हजार होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. 1983 आणि 1984 साली वुल्फगांग रुत्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटावरच्या फॅमिली डॉक्टरांसाठी डिप्रेशनवर शिबिरं घेतली. आजार ओळखायचा कसा, औषध किती मात्रेत आणि किती दिवस द्यायचं, आत्महत्येच्या विचारांबद्दल रुग्णाला विचारायचं कसं, एवढाच विषय होता. बेटावर नवं औषध एकही आलेलं नव्हतं. जी औषधं तेव्हा वापरात होती, ती बरीचशी 1950च्या दशकातल्या इमिप्रामिन या डिप्रेशनवरच्या जुन्या औषधाच्या कुळातली.

1985 साली बेटावरचं आत्महत्यांचं प्रमाण लक्षणीय घटलं. डिप्रेशनसाठी रुग्णालयात दाखल होणं पूर्वीच्या तीस टक्क्यांवर आलं. डिप्रेशनवरच्या औषधांच्या चिठ्ठ्या वाढल्या, तर झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या कमी झाल्या. म्हणजे ‘झोप लागत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाचं मूळ दुखणं डॉक्टर ओळखू लागले होते.

मग शिबिरं थांबली. काही डॉक्टर बेट सोडून गेले. 1988पर्यंत आत्महत्यांचं प्रमाण जवळजवळ पूर्वीच्या पातळीवर पोचलं आणि रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्याही पुन्हा वाढली. एवढ्या लहान बेटावरचे आकडेही लहानच असतात, त्यामुळे त्यांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्त आहे. फायदा मुख्यतः स्त्रियांना झाला, पुरुष डॉक्टरांकडे पोचलेच नाहीत, हेही नंतरच्या विश्लेषणातून दिसलं. तरीही मनोविकारांवरच्या नव्या उपचारांची बातमी वाचली की मला आधी गोटलंड आठवतं. औषध दुकानात तेच होतं. ते कुणाला, कधी द्यायचं याचं ज्ञान वाढलं आणि विरलं, तसं रुग्णांचं नशीब बदलत गेलं.

आज या क्षेत्रात खरोखरच बरंच नवं घडतं आहे, त्यामुळे हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे.

केटामाइनचंच उदाहरण घ्या. 1962 साली ते तयार झालं आणि 1970पासून भुलीचं औषध म्हणून जगभर वापरात आलं. भूलतज्ज्ञांना ते घरच्यासारखं ओळखीचं आहे. 2000 साली येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी डिप्रेशनच्या मोजक्या रुग्णांना ते भुलीच्या मात्रेपेक्षा बरंच कमी, शिरेतून हळूहळू दिलं. नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, इथे तो काही तासांत दिसू लागला. 2006 साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत अठरा रुग्णांवर हाच प्रयोग झाला. त्या सगळ्यांवर पूर्वीचे उपचार निष्फळ ठरले होते. एका दिवसात सुमारे 71 टक्के रुग्णांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली.

हे कसं होतं, याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही. जुनी औषधं प्रामुख्याने सेरोटोनिन, नॉरएपिनेफ्रिन अशा रसायनांवर काम करतात. केटामाइन ग्लुटामेटच्या यंत्रणेत हात घालतं. ग्लुटामेट हे मेंदूतलं पेशींना चेतवणारं सर्वांत प्रमुख रसायन. त्याच्या एका ग्राहीला, म्हणजे पेशीवर ते जिथे चिकटतं त्या जागेला, केटामाइन अडवतं आणि त्यातून चेतापेशींमधले नवे जोड वाढीला लागतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसतं. दीर्घकाळच्या ताणामुळे हेच जोड झडलेले असतात.

2019 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने केटामाइनचाच एक भाग असलेल्या एस्केटामाइनच्या नाकात मारायच्या फवाऱ्याला मान्यता दिली. त्या मान्यतेबरोबर आलेल्या अटी मला औषधाइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. हा फवारा घरी न्यायला मिळत नाही. नोंदणी झालेल्या केंद्रातच तो घ्यायचा, नंतर किमान दोन तास देखरेखीखाली बसायचं, आणि रात्रीची झोप होईपर्यंत गाडी चालवायची नाही. कारण रक्तदाब चढतो, काहींना आपण शरीराबाहेर पडल्यासारखं वाटतं, काही रुग्ण घाबरतात. तेव्हा शेजारी बसणाऱ्या परिचारिकेला रक्तदाब मोजण्याबरोबरच घाबरलेल्या माणसाशी शांतपणे बोलताही आलं पाहिजे. एका खुराकाचा परिणाम बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. वारंवार आणि दीर्घकाळ घेतलेलं केटामाइन मूत्राशयाला इजा करू शकतं. भूलतज्ज्ञाला औषध ठाऊक असतं, पण डिप्रेशनच्या रुग्णाचा पाठपुरावा त्याच्या शिक्षणात नसतो. मनोविकारतज्ज्ञाला रुग्ण ठाऊक असतो, पण श्वासनलिकेची काळजी घेण्याचा त्याचा हात बसलेला नसतो. दोघांनी एकमेकांकडून शिकल्याशिवाय हा उपचार नीट देता येत नाही.

शॉक ट्रीटमेंटबद्दलही नव्याने शिकायला हवं, असं म्हटलं तर अनेकांना आश्चर्य वाटेल. रोममध्ये 1938 साली सुरू झालेला हा उपचार सिनेमांनी इतका बदनाम केला आहे की डॉक्टरसुद्धा त्याचं नाव दबकत घेतात. आज तो भूल देऊन, स्नायू सैल करणारं औषध देऊन केला जातो. आपल्या 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याशिवाय तो देण्यावर बंदीच घातली आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनच्या चारशेवर रुग्णांमध्ये केटामाइन आणि शॉक यांची थेट तुलना झाली. केटामाइनने 55 टक्के, तर शॉकने 41 टक्के रुग्णांना चांगला फरक पडला. बातम्यांनी ‘केटामाइन जिंकलं’ असं सांगितलं. पण भ्रम-भास असलेलं तीव्र डिप्रेशन या अभ्यासातून वगळलेलं होतं आणि शॉकचा गुण सर्वांत ठळकपणे तिथेच येतो. हा तपशील ज्या डॉक्टरला माहीत नाही, तो चुकीच्या रुग्णाला चुकीच्या दारी पाठवेल.

चुंबकीय उत्तेजनाचं, म्हणजे टीएमएसचं, थोडक्यात सांगतो. डोक्याशी धरलेल्या कॉइलमधून येणारे चुंबकीय स्पंद कवटी न उघडता मेंदूच्या पुढच्या भागात वीजप्रवाह निर्माण करतात. 2008पासून अमेरिकेत डिप्रेशनसाठी तो मान्य आहे. तेव्हा एका बैठकीला 37 मिनिटं लागत. 2018 साली सिद्ध झालं की वेगळ्या लयीत दिलेले तीन मिनिटांचे स्पंदही तितकेच परिणामकारक असतात. यंत्र विकत घेता येतं, पण कॉइल नेमकी कुठे ठेवायची आणि किती जोर द्यायचा हे प्रत्येक रुग्णात मोजून ठरवावं लागतं. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात इम्प्लांट असलेल्याला हा उपचार देत नाहीत. यंत्र आणलं आणि हात शिकले नाहीत, तर रुग्णाच्या पैशांचा केवळ चुराडा होतो.

स्किझोफ्रेनियातली घडामोड माझ्या मते सर्वांत मोठी आहे. 1952 साली क्लोरप्रोमाझिन वापरात आलं तेव्हापासून या आजारावरचं जवळजवळ प्रत्येक औषध मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या ग्राहींना गाठून काम करत आलं. सप्टेंबर 2024मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम हे जोडऔषध वेगळ्या वाटेने जातं. झॅनोमेलिन 1990च्या दशकात अल्झायमरसाठी तपासलं गेलं होतं. त्याने रुग्णांचे भास कमी झाले, पण उलट्या आणि पोटाच्या त्रासाने अनेकांनी ते सोडलं. कित्येक वर्षांनी कुणाला तरी सुचलं की, मेंदूत शिरू न शकणारं ट्रॉस्पियम सोबत दिलं तर झॅनोमेलिन मेंदूत काम करेल आणि पोटातला त्याचा त्रास ट्रॉस्पियम अडवेल. इतकी साधी आणि इतकी सुंदर कल्पना औषधशास्त्रात क्वचित सापडते.

आता डॉक्टरांच्या बाजूने पाहा. हातापायांचा ताठरपणा, कंप, वाढतं वजन, साखर यांवर डोळा ठेवायला मनोविकारतज्ज्ञांच्या पिढ्या शिकल्या. या नव्या औषधात यकृताच्या तपासण्या, नाडीचा वेग आणि लघवी तुंबणं यांकडे पाहावं लागतं, आणि गोळी उपाशीपोटी घ्यावी लागते. वर्षानुवर्षांची सवय इथे पुरत नाही.

असं शिक्षण झालं नाही तर काय होतं, याचा धडा क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं जुनं औषध केव्हाचा देऊन बसलं आहे. 1988च्या प्रसिद्ध चाचणीत, इतर औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांपैकी 30 टक्के क्लोझापिनने सुधारले. क्लोरप्रोमाझिनने अवघे 4 टक्के. तरी जगभर ते लागणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ते मिळतं. त्याने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीला घसरतात, म्हणून नियमित रक्त तपासावं लागतं, आणि या भीतीपोटी चिठ्ठी लिहिलीच जात नाही. पण जिवावर बेतणारी दुसरी गोष्ट, बद्धकोष्ठता, अनेकांच्या लक्षातही येत नाही. तिसरी तर आपल्याकडच्या रुग्णांसाठी फारच महत्त्वाची. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन वेगाने संपवतं. रुग्ण दवाखान्यात दाखल झाला आणि विडी सुटली की त्याच मात्रेत रक्तातलं औषध वाढतं. तो पेंगू लागतो, कधी फिट येते. हे मनोविकारतज्ज्ञाला माहीत असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला आणि वॉर्डातल्या सिस्टरला ते कुणी सांगितलेलं असतं का?

आपल्या देशात बहुतेक रुग्ण आधी त्यांच्याकडेच येतात. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, आजारागणिक 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात मनोविकारशास्त्राच्या वाट्याला मोजके आठवडे येतात. पुढे महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. ते बहुधा रविवारच्या सीएमईत, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमात, भाषणं ऐकून मिळतात. नुसत्या भाषणाने डॉक्टरांचं वागणं बदलत नाही, हे 1999 साली डेव्ह डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी अनेक चाचण्या एकत्र तपासून दाखवलं होतं. चर्चा, सराव आणि स्वतःचे रुग्ण समोर असले तरच फरक पडतो. शिवाय खर्च औषध कंपनी उचलत असेल तर विषय कोणता निवडला जाईल हेही उघड आहे. मार्च 2024च्या औषध विपणन संहितेने कंपन्यांवर बंधनं घातली आहेत. डॉक्टरांच्या परदेशातल्या सीएमईंना त्यात मनाई आहे. क्लोझापिनसारख्या जुन्या, स्वस्त औषधावर सीएमई भरवण्यात मात्र कुठल्याच कंपनीला रस असण्याचं कारण नाही. ते काम सरकारी महाविद्यालयांनीच अंगावर घ्यायला हवं.

चांगल्या वाटा अस्तित्वात आहेत. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधले संजीव अरोरा यांनी 2003 साली, हेपटायटिस-सी या यकृताच्या आजारासाठी, खेड्यांतल्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र आणून त्यांच्याच रुग्णांवर चर्चा सुरू केली. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या निकालात विद्यापीठात बरे झालेले 57.5 टक्के आणि खेड्यांतल्या डॉक्टरांकडे बरे झालेले 58.2 टक्के होते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने हीच पद्धत मानसिक आरोग्यासाठी उचलली. तिथे तज्ज्ञ व्हिडिओवरून प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरसोबत त्याच्याच ओपीडीत बसतो आणि समोरच्या रुग्णावर शिकवतो.

गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेने आणखी पुढचं पाऊल टाकलं. मानसिक आरोग्याचं कुठलंही शिक्षण नसलेल्या स्थानिक तरुणांना त्यांनी डिप्रेशनवरचं थोडक्यात समुपदेशन शिकवलं. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 495 रुग्णांवर चाचणी झाली. 2017च्या निकालात, तीन महिन्यांनी नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी 39 टक्के आणि समुपदेशनही मिळालेल्यांपैकी 64 टक्के रुग्ण डिप्रेशनमधून बाहेर आलेले होते. मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची शिकत राहण्याची पद्धत. समुपदेशक नियमितपणे एकत्र बसत, एकमेकांच्या सत्रांची ध्वनिमुद्रणं ऐकत आणि त्यांना गुण देत. कुठे घाई झाली, कुठे रुग्णाचं बोलणं तोडलं, हे सहकारीच दाखवून देई. अशा बैठकांना क्रेडिट पॉइंट मिळायला हवेत.

केटामाइन किंवा टीएमएसची जाहिरात आता शहराशहरांत दिसू लागली आहे. घरच्या कुणासाठी असा उपचार घ्यायचा विचार असेल, तर आधी सरळ विचारावं. रक्तदाब किती वेळा मोजणार? श्वास अडला तर खोलीत कोण असेल? नंतर दोन तास कोण बसणार? परिणाम ओसरल्यावर पुढचा बेत काय? हा उपचार तुम्ही कुठे आणि कुणाच्या हाताखाली शिकलात? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. आणि आत्महत्येचे विचार येत असतील तर नव्या उपचाराची वाट न पाहता केंद्र सरकारच्या टेली-मानसला 14416 या क्रमांकावर फोन करावा. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो, आणि मराठीत बोलता येतं.