पाच वेळचे चौघे आणि सात कोऱ्या ओळी

२०२५ च्या जुलैत स्लोव्हेनियाच्या पोगाचारने टूर द फ्रान्स ही सायकलशर्यत चौथ्यांदा मारली, तेव्हापासून आमच्या फोंड्याच्या रविवारच्या टोळीत एकच हिशेब चाललाय. आणखी एक जिंकली की हा पाचवाल्यांच्या पंगतीला बसणार. फर्मागुडीची चढण चढून घाम पुसेपर्यंत पातळ भाजी-पाव आणि मिरची समोर येते, आणि वादाला तोंड फुटतं. पंगतीत आजवर चौघेच आहेत: आंकतील, मर्क्स, इनो आणि इंदुराइन. मग एखादा नवखा विचारतोच, "आणि तो सातवाला, आर्मस्ट्राँग?" सात टूर जिंकला, सातही काढून घेतल्या. पाव भाजीत तसाच भिजत राहतो. याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून ही पार्श्वभूमी.

जुनं थोडक्यात उरकतो. १९०३ साली एका क्रीडा दैनिकाने खप वाढवायला ही शर्यत काढली. त्या पेपराचा कागद पिवळा, म्हणून १९१९ पासून आघाडीवर असलेल्याची जर्सीही पिवळी. दुसऱ्याच वर्षी, १९०४ ला, शर्यतीचा पार विचका झाला. रस्त्यावर खिळे पडले, मारामाऱ्या झाल्या, कुणी मधला टप्पा आगगाडीने गाठल्याचे आरोप झाले. शर्यत संपून चार महिने उलटल्यावर पहिले चारही जण बाद ठरले आणि पाचवा आलेला १९ वर्षांचा पोरगा विजेता झाला. त्याहून लहान वयात ती आजतागायत कुणी जिंकलेली नाही. म्हणजे वरचा बाद झाला की खालचा वर सरकतो, ही रीत शर्यतीइतकीच जुनी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इटलीच्या कॉपीने जिरो, म्हणजे टूरसारखीच इटलीची शर्यत, पाच वेळा आणि टूर दोनदा जिंकली. आफ्रिकेतून परतल्यावर त्याला ताप आला आणि २ जानेवारी १९६० रोजी, चाळिशीत, तो मलेरियाने गेला. इटलीतल्या डॉक्टरांना मलेरिया ओळखताच आला नाही. आमच्या गोव्यात ताप आला म्हटलं की आधी बोटाला सुई टोचून रक्त तपासतात, म्हणून हा किस्सा टोळीत कुणाला पटकन पटत नाही.

मर्क्सबद्दल नव्याने काय सांगायचं? ५२५ विजय. पण १९६९ चा सावोनाचा प्रसंग सांगायलाच हवा. जिरोत आघाडीवाल्याची गुलाबी जर्सी अंगावर असताना त्याची उत्तेजक चाचणी दोषी निघाली आणि त्याला शर्यतीतून घरी पाठवलं. आपण काही घेतलं नव्हतं, हे तो पुढे कायम म्हणत राहिला. त्याच्यावरची बंदी लगेच उठली आणि पुढच्याच महिन्यात त्याने आपली पहिली टूर जवळपास १८ मिनिटांच्या फरकाने जिंकली. दंतकथेला डाग लागतो तो असा, आणि तरी ती उभी राहते.

गोव्याच्या दृष्टीने आणखी एक नाव घ्यायला हवं, जिंकलेल्यांच्या यादीत नसलं तरी. पोर्तुगालचा अगुश्तिन्यू. मोझांबिकमध्ये पोर्तुगीज फौजेत होता, सायकलीच्या धंद्यात पडला तो पंचविशीला आल्यावर. टूरमध्ये १९७८ आणि १९७९ ला तिसरा आला, आणि ७९ ला आल्प द्युएझचा घाट जिंकला. तिथल्या एका वळणावर त्याचा पुतळा आहे. १९८४ साली अल्गार्व्हच्या शर्यतीत तो आघाडीवर असताना टप्प्याच्या शेवटाला कुत्रा आडवा आला. डोकं आपटलं, तरी उठून त्याने टप्पा पुरा केला आणि दहा दिवसांनी गेला. पहाटे अंधारात बांदोड्याच्या वळणावर कुत्री अंगावर धावून येतात तेव्हा आमच्यातला एक जण हमखास त्याचं नाव घेतो, आणि सगळे हेल्मेटचे पट्टे चाचपतात. व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचं झालं ते २००३ मध्ये, तेही एका स्वाराचा जीव गेल्यावर.

आता मूळ मुद्दा. नव्वदच्या दशकात ईपीओ आलं. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचं हे औषध रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवतं, म्हणजे स्नायूंना जास्त प्राणवायू मिळतो. ते पकडणारी चाचणीच नव्हती. म्हणून १९९७ ला नियम आला: रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेलं की काही दिवस घरी बसा. नियम केला आरोग्यासाठी, पण स्वारांनी तो वाचला तो "४९ पर्यंत चालतं" असा. १९९८ ला टूर सुरू व्हायच्या तोंडावर एका संघाची मोटार सरहद्दीवर अडवली, तिच्यात औषधांचा साठा सापडला. त्यामुळे १९९९ ची टूर "नव्या सुरुवातीची" म्हणून वाजवली गेली. ती जिंकली कर्करोगातून उठलेल्या अमेरिकन आर्मस्ट्राँगने, आणि मग पुढच्या सहाही.

ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याच्याच देशातल्या उत्तेजकविरोधी यंत्रणेचा हजाराहून जास्त पानांचा अहवाल आला. २६ साक्षीदार, त्यातले १५ स्वार. त्याच महिन्यात जागतिक सायकल संघटनेने सातही जेतेपदं काढून घेतली. इथवर फारसा कुणाचा वाद नाही. वाद आहे पुढच्या ओळीचा: जेतेपद कुणालाच द्यायचं नाही, जागा कोरी ठेवायची.

आता गंमत बघा. २००६ चा अमेरिकन विजेता बाद झाला तेव्हा दुसरा आलेला स्पॅनिश स्वार वर सरकला. २०१० चा स्पॅनिश विजेता बाद झाला तेव्हा लक्झेंबर्गचा दुसरा वर सरकला, आणि तो निकाल फेब्रुवारी २०१२ चा. म्हणजे एकाच वर्षात, आठ महिन्यांच्या अंतराने, त्याच यादीत एक जेतेपद हललं आणि सात कोरी राहिली. १९०४ ची रीत सात वर्षांपुरती मोडली.

मराठी बातम्यांनी घोळ आणखी वाढवला. कुठे "जेतेपद काढून घेतले", कुठे "शर्यती रद्द", कुठे "विजेता नाही". तिन्ही एक नव्हेत. शर्यत रद्द म्हणजे झालीच नाही असं धरायचं. तशीही वर्षं यादीत आहेत, १९१५ ते १८ आणि १९४० ते ४६, दोन महायुद्धांची. दुसऱ्या युद्धाने खाल्लेली वर्षंही नेमकी सातच. पण १९९९ ते २००५ या शर्यती झाल्या, टप्पे झाले, दुसरा आला तो दुसराच राहिला, तिसरा तिसरा (२००५ चा तिसरा तेवढा पुढे स्वतःच्या प्रकरणात बाद झाला). फक्त पहिल्या ओळीत नाव नाही. याला रद्द म्हणता येत नाही.

मला विचाराल तर कोरी ओळच बरोबर, आणि कारण त्या अहवालातच आहे. त्या सात वर्षांत पहिल्या तिघांत आलेल्यांच्या एकूण जागा २१. त्यातल्या २० जागांवरची माणसं या ना त्या रीतीने उत्तेजकांच्या प्रकरणांत अडकलेली, असं अहवाल म्हणतो. १९९९ चं जेतेपद खाली सरकवलं असतं तर ते ९८ च्या प्रकरणात कबुली दिलेल्या स्विस स्वाराला गेलं असतं. २०००, २००१ आणि २००३ ची एकाच जर्मनाला, ज्याला पुढे स्वतःलाच शिक्षा झाली. चोराच्या हातून काढून दुसऱ्याच्या खिशात घालायचं, तर मग कपाटातच राहू दे की.

आमच्यातला वकील मात्र यावर दरवेळी एकच प्रश्न टाकतो: मग १९९६ चं काय? त्या वर्षीच्या डॅनिश विजेत्याने २००७ मध्ये स्वतःच ईपीओ घेतल्याचं कबूल केलं, तरी त्याचं नाव यादीत आहे. कारण कायद्याचं: तेव्हा अशा कारवाईला आठ वर्षांची मुदत होती आणि ती उलटून गेली होती. आर्मस्ट्राँगच्या बाबतीत मात्र त्याने शपथेवर खोटं बोलून सत्य लपवलं, म्हणून मुदत लागू नाही असं धरलं. वकिलाला हा युक्तिवाद पटतो, बाकीच्यांना नाही, आणि मिरची संपते.

त्यानंतर बरंच बदललं. २००८ पासून स्वारांच्या रक्ताच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या जातात, एका चाचणीवर काही अवलंबून नसतं. मुदत दहा वर्षांची झाली. बायकांची टूर २०२२ ला नव्याने उभी राहिली आणि २०२५ ला फ्रान्सच्या बाईने जिंकली, तर पुरुषांत फ्रान्स १९८५ च्या इनोनंतर अजून कोराच. पोगाचारने २०२४ ला जिरो, टूर आणि विश्वविजेतेपद एकाच वर्षात घेतलं. त्याआधी असं दोघांनाच जमलं होतं, १९७४ ला मर्क्सला आणि १९८७ ला आयर्लंडच्या रोशला. एका दिवसाच्या पाच मोठ्या शर्यतींत मर्क्सचे विजय १९, पोगाचारचे २०२५ अखेर १०.

जुलैत आमच्याकडे सायकली पोर्चात टांगलेल्या असतात. रात्री नऊच्या सुमाराला फ्रान्समधला टप्पा संपतो, बाहेर पाऊस, वीज गेली तर मोबाइलवर. गेल्या खेपेला वीज गेली तेव्हा वेळ काढायला मी जुन्या याद्या उघडून बसलो. १९९९: पहिली ओळ कोरी. दुसरा तो स्विस. तिसरा एक स्पॅनिश डोंगरचढ्या, त्या २१ जागांतला एकटा न अडकलेला. जागा सरकवल्या असत्या तर तो निदान दुसरा झाला असता. यादीत तो अजून तिसराच आहे.