स्कॉटिश पार्लमेंट निवडणूक, २००७

स्कॉटिश पार्लमेंटची तिसरी सार्वत्रिक निवडणूक. ती ३ मे २००७ रोजी झाली. स्कॉटलंड व इंग्लंड यांची राज्ये एक करणारा कायदा १ मे १७०७ रोजी अमलात आला होता. त्याला ३०० वर्षे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते, आणि स्वतंत्र स्कॉटलंडची मागणी करणारी स्कॉटिश नॅशनल पार्टी (एसएनपी) प्रथमच सर्वांत मोठा पक्ष ठरली. १२९ सभासदांच्या सभागृहात तिला ४७ जागा मिळाल्या, मजूर पक्षाला ४६. बहुमताला ६५ लागतात. तरीही एसएनपीचे नेते ॲलेक्स सॅमंड यांनी एकपक्षीय सरकार बनवले आणि ते पूर्ण चार वर्षे चालवले.

१९९९ मध्ये हे पार्लमेंट स्थापन झाल्यापासून तिथे मजूर पक्ष व लिबरल डेमोक्रॅट यांची आघाडी सत्तेवर होती. जॅक मॅककॉनल हे २००१ पासून फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारचे प्रमुख होते. २००३ मध्ये मजूर पक्षाच्या ५० जागा होत्या, एसएनपीच्या २७. चार वर्षांत मजूर पक्षाने चारच जागा गमावल्या, पण एसएनपीच्या २० वाढल्या, कारण मुख्यतः लहान पक्ष वाहून गेले. ग्रीन पक्ष ७ वरून २ वर आला, स्कॉटिश सोशलिस्ट पक्षाच्या सहाही जागा गेल्या. हुजूर पक्षाला १७ व लिबरल डेमोक्रॅटांना १६ जागा मिळाल्या. उरलेली एक जागा लोदियन प्रदेशातून मार्गो मॅकडोनल्ड या अपक्ष सभासदाने जिंकली. मतांमधला फरक तर आणखी कमी होता : मतदारसंघांत एसएनपीला ३२.९ टक्के, मजूर पक्षाला ३२.१.

एवढ्या थोड्या फरकातून असे चित्र कसे उमटले, हे समजायला मतदानाची पद्धत पाहावी लागते. प्रत्येक मतदाराला दोन मते असतात. एक आपल्या मतदारसंघातील उमेदवाराला. अशा ७३ जागा आहेत, आणि ज्याला जास्त मते तो निवडून येतो. दुसरे मत प्रदेशाच्या यादीसाठी पक्षाला. आठ प्रदेशांना प्रत्येकी सात, अशा ५६ जागा. यादीतील जागा वाटताना पक्षाची मते ‘आधी जिंकलेल्या जागा अधिक एक’ या संख्येने भागतात, आणि भागाकार सर्वांत मोठा येईल त्या पक्षाला पुढची जागा जाते. ग्लासगोत हे स्वच्छ दिसते. तिथल्या दहा मतदारसंघांपैकी नऊ मजूर पक्षाने जिंकले. एकटे गव्हन निकोला स्टर्जन यांनी एसएनपीसाठी खेचून घेतले. त्यामुळे यादी उघडताच मजूर पक्षाच्या मतांना दहाने भागले गेले आणि एसएनपीच्या मतांना दोनने. यादीतल्या सात जागांपैकी चार एसएनपीला गेल्या, मजूर पक्षाला एकही नाही. या चौघांत अमृतसरला जन्मलेले बशीर अहमद होते. आशियाई मूळ असलेले ते स्कॉटिश पार्लमेंटचे पहिले सभासद. देशभरात मजूर पक्षाच्या ४६ पैकी ३७ जागा मतदारसंघांतून आल्या, तर एसएनपीच्या ४७ पैकी २६ यादीतून. कोणा एकाच्या हाती सहजासहजी बहुमत जाऊ नये, याची सोय या पद्धतीतच आहे.

कनिंगहॅम नॉर्थमध्ये एसएनपीचा उमेदवार अवघ्या ४८ मतांनी निवडून आला आणि तिथे बाद ठरलेल्या मतपत्रिका हजारावर होत्या. ‘४८ मतांनी सरकार बदलले’ असे तेव्हापासून म्हटले जाते. हे वाक्य पुरते बरोबर नाही. मतदारसंघ हातचा गेला असता तर यादीच्या हिशेबात एसएनपीला त्याची भरपाई मिळण्याचीही शक्यता होती. मजूर पक्ष मात्र निदान बरोबरीला आला असता, एवढे नक्की.

बाद मतांचा प्रश्न त्याहून मोठा आहे, आणि या निवडणुकीबद्दल बोलताना तो ओलांडून पुढे जाणे मतदारांवर अन्याय करणारे ठरेल. पार्लमेंटच्या दोन्ही मतांत मिळून सुमारे १,४६,००० मते बाद झाली. याआधी दोन मतांसाठी दोन वेगळ्या मतपत्रिका असत. या वेळी त्या एकाच कागदावर शेजारी-शेजारी छापल्या : डावीकडे पक्षांची यादी, उजवीकडे मतदारसंघाचे उमेदवार. ‘तुम्हाला दोन मते आहेत’ ही सूचना वाचून अनेकांनी दोन्ही फुल्या डाव्या रकान्यातच मारल्या. यादीतले मत बाद झाले, उजवा रकाना कोराच राहिला. ग्लासगो व लोदियन इथे पक्षांची रांग इतकी लांब होती की कागदावर जागा करण्यासाठी सूचनाच आखडल्या गेल्या, आणि तिथे बाद मतांचे प्रमाणही जास्त राहिले. भरीला त्याच दिवशी ३२ स्थानिक कौन्सिलांची निवडणूक होती, आणि तीही प्रथमच पसंतिक्रमाने. म्हणजे एका कागदावर फुली मारायची, दुसऱ्यावर १, २, ३ लिहायचे. कॅनडाचे निवडणूक तज्ज्ञ रॉन गूल्ड यांनी चौकशी करून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला. निवडणुकीची आखणी करताना मतदाराचा विचार सर्वांत शेवटी झाला, असा त्यांचा ठपका होता. २०११ मध्ये मतपत्रिका पुन्हा वेगळ्या झाल्या आणि कौन्सिलांची निवडणूक २०१२ वर ढकलली गेली.

निकालानंतर आघाडी जमली नाही. स्वातंत्र्यावर सार्वमत घेण्याचा आग्रह एसएनपी सोडेना आणि तो सोडल्याखेरीज लिबरल डेमोक्रॅट बोलणी करेनात. ग्रीन पक्षाच्या दोघांनी मर्यादित करार केला : फर्स्ट मिनिस्टरच्या निवडीत पाठिंबा, बदल्यात हवामानविषयक कायद्याची हमी आणि एका समितीचे अध्यक्षपद. अर्थसंकल्पाला पाठिंब्याचे वचन त्यात नव्हते. १६ मे रोजी निवड झाली. पहिल्या फेरीत चार नावे होती. सॅमंड ४९, मॅककॉनल ४६ आणि हुजूर व लिबरल डेमोक्रॅट नेत्यांना प्रत्येकी १६ (हुजूर पक्षाच्या १७ पैकी एक जण सभाध्यक्ष झाला होता). दुसऱ्या फेरीत दोघेच उरले आणि ३३ सभासद तटस्थ राहिले. शेवटच्या फेरीत निव्वळ जास्त मते पुरतात, सभागृहाचे बहुमत लागत नाही. सॅमंड ४९ विरुद्ध ४६ मतांनी निवडून आले. हे सरकार पाठिंब्यापेक्षा तटस्थतेवर उभे राहिले, असे म्हणणेच योग्य.

अल्पमताची किंमत लवकरच कळली. एडिनबरोची ट्राम योजना गुंडाळण्याचा सरकारचा बेत जूनमध्ये ८१ विरुद्ध ४७ मतांनी हाणून पाडला गेला, आणि सरकारने तो कौल मानला. स्थानिक प्राप्तिकराची योजना मागे घ्यावी लागली, सार्वमताचे विधेयकही मांडता आले नाही. दुसरीकडे फोर्थ व टे या पुलांवरचा टोल रद्द झाला, आणि २००९ चा हवामान बदल कायदा एकमताने संमत झाला. हुजूर पक्षाने अर्थसंकल्पाला हात दिला, त्याबदल्यात एक हजार जादा पोलीस आणि छोट्या व्यावसायिकांना करसवलत पदरात पाडून घेतली.

सर्वांत बिकट प्रसंग २८ जानेवारी २००९ चा. घरे ऊबदार राखण्याच्या योजनेला सरकार देऊ करत असलेला पैसा ग्रीन पक्षाला अपुरा वाटला. एसएनपी ४७, हुजूर १६ आणि मार्गो मॅकडोनल्ड मिळून ६४; समोर मजूर ४६, लिबरल डेमोक्रॅट १६ व ग्रीन २ मिळून ६४. सभाध्यक्ष ॲलेक्स फर्ग्युसन मूळचे हुजूर पक्षाचे, पण त्या पदावरून निर्णायक मत बदलाच्या विरुद्ध द्यायचे असा संकेत. त्यांनी तो पाळला आणि अर्थसंकल्प पडला. सॅमंड यांनी राजीनाम्याची व नव्या निवडणुकीची भाषा सुरू केली. ती कोणालाच नको होती. आठवड्याभरात सुधारलेला अर्थसंकल्प १२३ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला. विरोधात राहिले ते फक्त ग्रीन पक्षाचे दोघे.

मे २०११ मध्ये झालेल्या पुढच्या निवडणुकीत एसएनपीने ६९ जागा जिंकल्या, आणि अल्पमतात असताना मांडता न आलेले सार्वमत १८ सप्टेंबर २०१४ रोजी झाले.