महिलांसाठी रिंग खाली लावत नाहीत

"स्पेनच्या महिला लीगमध्ये बास्केटबॉलची रिंग पुरुषांपेक्षा खाली असते," हा फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय. ते खरं नाही. रिंग 3.05 मीटरवरच, तीन गुणांची रेषाही पुरुषांइतकीच, 6.75 मीटरवर. बदलतो फक्त चेंडू: महिलांचा 6 नंबरचा, पुरुषांचा थोडा मोठा, 7 नंबरचा.

गैरसमज होणं साहजिक आहे. तिथल्या लहान मुली 'मिनीबास्केट' खेळतात आणि त्याची रिंग 2.60 मीटरवर असते. पुढे व्यावसायिक होणारी मुलगी तिथून जवळपास अर्धा मीटर वर नेम धरायला शिकते. ही मेहनत झाकली जाऊ नये, असं मनापासून वाटतं.

पडताळायचं तर चेंडू हातात घ्या, त्यावर 6 किंवा 7 छापलेलं असतं. जमिनीपासून रिंगच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावा: 305 सेंटिमीटर.