व्यंजनांतून जन्मलेले चिनी सूर

चिनी भाषांमध्ये आवाजाच्या चढ-उताराने, म्हणजे सुराने, शब्दाचा अर्थ बदलतो. हा सूर म्हणजे आधीच तयार असलेल्या उच्चारावर वरून चढवलेली पट्टी, असं आपण सहज धरून चालतो. इतिहास वेगळं सांगतो. हे सूर व्यंजनांच्याच पोटी जन्मले आणि आजही काही चिनी बोलींत व्यंजन ओळखायला कान सुराचाच आधार घेतो.

सुरांची पहिली स्पष्ट मांडणी पाचव्या शतकाच्या अखेरीस शेन युए (४४१–५१३) आणि त्याच्या कविमित्रांनी केली. ल्यांग घराण्याच्या वू सम्राटाने 'चार सूर म्हणजे काय?' असं विचारलं, तेव्हा एका दरबाऱ्याने 'सम्राट पवित्र आणि सुज्ञ' या अर्थाची चार अक्षरं ऐकवली. प्रत्येक अक्षर वेगळ्या सुराचं! पुढे ६०१ साली 'छिएयुन' हा यमककोश याच चार सुरांवर रचला गेला.

पण सूर मुळात आले कुठून? याचा उलगडा होऊ लागला तो १९५४ साली. ओद्रिकूर या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने आधी व्हिएतनामीत आणि मग चिनीत दाखवून दिलं, की शब्दाच्या शेवटची व्यंजनं झिजून गेली, पण त्यांच्यामुळे स्वराला आलेला चढ-उतार मागे उरला.

दुसरा टप्पा मला सर्वांत विलक्षण वाटतो. ग, द, ब अशा घोष, म्हणजे कंठात कंप होऊन उच्चारल्या जाणाऱ्या, व्यंजनांनंतर स्वराची पट्टी किंचित खाली येते. जुन्या चिनीत 'आरपार' या अर्थाचा 'थुंग' आणि 'सारखा' या अर्थाचा 'दुंग' असे दोन शब्द होते. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, आज दोन्ही 'थुंग'च आहेत, पण पहिला उंच आणि सपाट, तर दुसरा चढता. द गेला, त्याची खूण सुरात राहिली. पंजाबीत 'घोडा'तला घ जवळपास क झाला आणि सूर उतरला, तोही याच वाटेने.

शांघायमध्ये हा बदल अर्ध्यावर थांबलेला दिसतो. चाओ युएन रेन या चिनी भाषाशास्त्रज्ञाने १९२८ साली त्या भागातल्या 'वू' नावाच्या बोलींची बारकाईने नोंद केली. शब्दारंभीच्या 'द'मध्ये कंठातला कंप जवळजवळ नसतोच. ऐकणारा त्याला 'द' मानतो, तो मुख्यतः पुढच्या खालच्या सुरामुळे.

दक्षिण चीनमधल्या कँटनीज भाषेवरच्या कटलर आणि चेन यांच्या १९९७ च्या प्रयोगांत मात्र सुराची दुसरी बाजू दिसली. दोन शब्दांत फक्त सुराचा फरक असला, की तिथले भाषकही तो उशिरा ओळखत आणि जास्त चुकत. स्वर कोणता हे चटकन कळतं. सुराचं वळण कळायला मात्र तो स्वर काही काळ ऐकावा लागतो.