वाघ किती अंतरावर होता? शिकारी प्राण्यांच्या कवितांची पार्श्वभूमी

मुंबईतल्या शाळा-कॉलेजांत दोन कविता शेजारी ठेवून तौलनिक रसग्रहण करायला सांगतात, तेव्हा शिकारी प्राण्यांची जोडी हमखास निघते. कधी इंग्रज कवी ब्लेकचा वाघ आणि टेड ह्यूजचा ससाणा, कधी सीबीएसईच्या दहावीच्या पुस्तकातला लेस्ली नॉरिसचा बंदिस्त वाघ आणि जर्मन भाषेतला कवी रिल्केचा पँथर. मग उत्तरांत ‘क्रौर्य’, ‘शक्ती’, ‘निसर्गाचं रौद्र रूप’ भरून येतं आणि सगळ्या कविता एकसारख्या वाटायला लागतात. मला वाटतं, आधी विचारावं ते एवढंच: कवीने हा प्राणी कुठे पाहिला आणि दोघांच्या मध्ये काय होतं?

विल्यम ब्लेकची ‘द टायगर’ 1794 ची. लंडनकरांना वाघ दिसायचा तो टॉवरमधल्या राजाच्या प्राणिसंग्रहात, नाहीतर ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखातून येणाऱ्या बातम्यांत. डिसेंबर 1792 मध्ये बंगालच्या सागर बेटावर सेनापती हेक्टर मन्रोच्या मुलाला वाघाने मारलं आणि ती हकिगत इंग्लंडात गाजली. काही अभ्यासक तिचा धागा या कवितेशी जोडतात. तो पक्का असो वा नसो, कवितेत ना चिखल आहे ना खारफुटी; आहेत ते हातोडा, भट्टी आणि ऐरण. ब्लेक बोलतो वाघाशी, पण चौकशी करतो त्याला घडवणाऱ्याची: कोकरू ज्याने केलं, त्यानेच तुला केलं का? (कवितेसोबत त्याने स्वतः काढलेल्या चित्रातला वाघ मात्र इतका गरीब दिसतो, की त्याला घाबरायला फार प्रयत्न करावे लागतात.)

पुढच्या शतकात युरोपातल्या शहरांनी वाघ-सिंह गजांआड आणून ठेवले आणि कवितेतलं अंतर काही फुटांवर आलं. रिल्के 1902 मध्ये पॅरिसला गेला, शिल्पकार रोदँच्या सहवासात एखादी गोष्ट तासन्‌तास न्याहाळायला शिकला, आणि तिथल्या जार्दां दे प्लांत या बागेच्या प्राणिसंग्रहातल्या पँथरवर त्याने बारा ओळी लिहिल्या. त्या प्राण्याला गजांपलीकडे जगच उरलेलं नाही. ही कविता 1907 मध्ये संग्रहात आली. त्याच वर्षी हॅम्बुर्गजवळ हागेनबेक या प्राण्यांच्या व्यापाऱ्याने गजांऐवजी खंदक वापरणारं प्राणिसंग्रहालय उघडलं. टेड ह्यूज काही काळ लंडनच्या प्राणिसंग्रहालयात भांडी धुवायच्या कामाला होता. त्याच्या 1957 च्या पहिल्या संग्रहातला जॅग्वार पिंजरा जुमानतच नाही. 1960 च्या ‘हॉक रूस्टिंग’मध्ये त्याने बघणारा माणूसच काढून टाकला, ससाणा स्वतःच बोलतो. हा आवाज हुकूमशहाचा आहे, अशी टीका झाली. ह्यूजचं म्हणणं, तिथे निसर्ग विचार करतोय. मला टीकाकारांचं जास्त पटतं. उंचावर बसून खालचं सगळं आपलंच समजणारा तो सूर मुंबईत ऐकायला झाडाकडे पाहावं लागत नाही.

पिंजरा मुंबईतही होता, भायखळ्याच्या राणीच्या बागेत. पण त्या बागेच्या नावाचा विंदा करंदीकरांचा 1961 चा संग्रह मुलांसाठी आहे, आणि त्यात गंमत आहे, रिल्केची घुसमट नाही.

कारण इकडे वाघ पिंजऱ्यात जाण्याआधी फार काळ शेजारी होता. शेजारी म्हणून तो देव झाला. लाकडी फळीवर वाघ, वर चंद्र-सूर्य, अशी वाघोबाची ठाणी वारली पाड्यांवर आहेत. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस असते. आरेतल्या पाड्यांवर आणि बोरिवलीच्या सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने ही पूजा आजही चालते. आता तिथे वाघोबाच्या वाट्याचा मान बिबट्याकडे आला आहे.

संतांच्या कवितेत वाघ येतो तो माणसाची परीक्षा घ्यायला. ‘चित्त शुद्ध तरी शत्रु मित्र होती । व्याघ्रहि न खाती सर्प तया’, असं तुकोबा म्हणतात. याच्या शेजारी अरुण कोलटकरांच्या इंग्रजी ‘जेजुरी’तली (1976) अजामीळ आणि वाघांची कविता ठेवून पाहा. अजामीळ मेंढपाळ आहे. त्याच्या कुत्र्यामुळे उपाशी राहिलेले वाघ हल्ला करतात आणि पकडले जातात. अजामीळ त्यांना सोडतो, वर मेंढ्या भेट देतो आणि तह करतो. शेवटी वाघ आणि मेंढ्या एकाच तळ्यावर पाणी पितात. चित्र संतकथेतलंच, पण चित्तशुद्धीच्या जागी भरलेलं पोट आलं आहे. मुंबईच्या कवीला ही तडजोड कळावी यात नवल नाही. खंडोबाच्या दारी स्वतःला वाघ्या म्हणवणारी माणसंही याच संग्रहात भेटतात.

मला सगळ्यात आवडणारी जोडी मात्र विंचवाची आहे. विंचू हाही शिकारीच, किडे-कोळी मारून जगणारा. माणसाला नांगी मारतो ती घाबरून. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुड लिहिलं: ‘विंचू चावला… काम क्रोध विंचू चावला’. शाहीर साबळ्यांनी ते रंगमंचावर घराघरांत पोचवलं. भारुडात विंचू बाहेरचा नाहीच. नांगी विकारांची, उतारा सत्त्वगुणाचा, आणि तरी किंचित राहिलेली फुणफुण शेवटी गुरू जनार्दन शांत करतात. निसीम इझिकेल हे मुंबईचे, बेने इस्रायली (मराठी ज्यू) घरातले. त्यांच्या 1965 च्या ‘नाइट ऑफ द स्कॉर्पियन’मध्ये विंचू खरा आहे. सततच्या पावसाने तो तांदळाच्या पोत्याखाली शिरतो आणि आईला डसतो. कंदील घेऊन जमलेले गावकरी म्हणतात, विषाने तुझी वासना जळो. म्हणजे एकनाथांचंच तत्त्वज्ञान, पण ते बोलणाऱ्यांसमोर एक बाई वेदनेने तळमळते आहे. एरवी बुद्धिवादी असलेले वडील डसलेल्या अंगठ्यावर रॉकेल ओतून काडी लावतात. वीस तासांनी ठणका उतरतो, आणि आई म्हणते, मला डसला, पोरांना सोडलं. भारुड हसवत वेदनेचा अर्थ सांगतं. इझिकेल अर्थ सांगणाऱ्यांची गर्दी दाखवतात आणि शेवटचा शब्द आईला देतात.

शहरी मराठी नवकवितेतला सर्वांत गाजलेला प्राणी मात्र शिकार होणाऱ्यांतला आहे. मर्ढेकरांच्या पिपात मेलेल्या उंदरांच्या माना कोणी न मुरगळताच पडल्या आहेत. मांजर नाही, साप नाही, घार नाही. ह्यूजच्या ससाण्यासमोर मी हीच कविता ठेवीन. दोन्ही छोट्या आहेत, वर्गात एका तासात नीट वाचून होतात.