गर्भ गेल्यावर मेंदूत काय घडतं?

आपोआप गर्भपात झालेल्या बाईला ऐकवली जाणारी दोन वाक्यं मला फार खुपतात. ‘‘लवकर झालं ते बरं, अजून जीव लागला नव्हता’’ हे पहिलं, आणि ‘‘दुसरं होईल की’’ हे दुसरं.

पहिल्यापासून सुरू करू. गर्भ राहिल्याचं कळल्यानंतर दर १०० गर्भधारणांपैकी साधारण १५ आपोआप संपतात, आणि त्याही बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. अशा काळात गर्भ गमावलेल्या बायकांचा लंडनमध्ये झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. महिन्याभरानंतर त्यांच्यातल्या ११ टक्क्यांमध्ये मध्यम किंवा तीव्र नैराश्याची लक्षणं होती. नऊ महिन्यांनीही ६ टक्क्यांमध्ये ती होतीच. म्हणजे गर्भ लहान होता म्हणून दुःख लहान होतं असं नाही.

या दुःखाला शरीराची एक बाजूही आहे. गर्भ टिकवून धरणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुरुवातीला बीजांडकोशातला पीतपिंड बनवतो, सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास ते काम वार (प्लासेंटा) हाती घेते. यातलं काही प्रोजेस्टेरॉन मोडून अ‍ॅलोप्रेग्ननोलोन नावाचा रेणू तयार होतो, आणि तो थेट मेंदूत काम करतो. चेतापेशींवर ‘गाबा’ या मेंदूला शांत करणाऱ्या रसायनाचे रिसेप्टर, म्हणजे ते पकडणारी प्रथिनं, असतात. गाबा तिथे चिकटला की दार उघडतं, ऋणभारित क्लोराइड आयन आत शिरतात आणि पेशी सहजासहजी उत्तेजित होत नाही. अ‍ॅलोप्रेग्ननोलोन त्याच रिसेप्टरवर वेगळ्या जागी बसतं आणि गाबाचा परिणाम वाढवतं. चिंता शमवणाऱ्या डायझेपाम या औषधाचं कामही साधारण याच धर्तीवर चालतं. फरक असा, की चेतापेशींच्या सांध्यांबाहेरचे, ‘डेल्टा’ हा घटक असलेले रिसेप्टर डायझेपामला दाद देत नाहीत, अ‍ॅलोप्रेग्ननोलोनला मात्र भरपूर देतात. मेंदूत सतत मंदपणे चालू असणारा आवर याच रिसेप्टरांमुळे असतो. उंदरांमध्ये असं दिसलं आहे, की गर्भारपणात त्यांची संख्या घटते आणि प्रसूतीनंतर पूर्ववत होते. भोवतीचं अ‍ॅलोप्रेग्ननोलोन वाढल्यावर मेंदू स्वतःची ग्रहणक्षमता कमी करून तोल सांभाळतो. गर्भ गेला की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने ओसरतं. रिसेप्टरांना मात्र पुन्हा जुळवून घ्यायला वेळ लागत असावा.

मग सगळ्याच बायकांना नैराश्य का येत नाही? याचं उत्तर शोधणारा, मला फार आवडणारा एक छोटा प्रयोग अमेरिकेत झाला, २००० साली तो प्रसिद्ध झाला. गर्भवती नसलेल्या १६ स्त्रिया त्यात होत्या. आठ जणींना पूर्वी प्रसूतीनंतरचं नैराश्य आलेलं, आठ जणींना नाही. सगळ्यांना आठ आठवडे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे मोठे डोस दिले, मग न सांगता बंद केले. पहिल्या गटातल्या पाच जणींची मनःस्थिती ढासळली. दुसऱ्या गटात एकीचीही नाही. संप्रेरकांची घसरण दोन्ही गटांत सारखीच होती, तिला मेंदूने दिलेला प्रतिसाद वेगळा होता. हा प्रयोग प्रसूतीचं अनुकरण करणारा होता आणि गर्भपाताच्या दुःखात तर शोक, एकटेपणा, अपराधीपणही मिसळलेलं असतं. पण ‘मन कमकुवत म्हणून खचली’ या शेऱ्याला शरीरशास्त्रात आधार नाही, एवढं यातून दिसतं.

अपराधीपणाचं तर विशेष वाईट वाटतं. नजर लागली, जिने चढली, फार काळजी करत बसली, असली कारणं तिच्या माथी मारली जातात. प्रत्यक्षात लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांमध्ये गुणसूत्रांची संख्या किंवा रचना बिघडलेली असते. असा बिघाड बहुतेक वेळा बीजांड किंवा शुक्राणू तयार होतानाच झालेला असतो. ‘हार्मोन्स संतुलित करणारी’ म्हणून विकली जाणारी चूर्णंही तो दुरुस्त करत नाहीत.

आता दुसरं वाक्य. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात १३ हजारांहून अधिक गर्भवतींची दीर्घकाळ पाहणी झाली. आधी गर्भ किंवा बाळ गमावलेल्या स्त्रियांमध्ये नैराश्याची आणि चिंतेची लक्षणं जास्त होती. पुढचं बाळ सुखरूप जन्मलं, तरी ते पावणेतीन वर्षांचं होईपर्यंतच्या पाहणीत त्यांच्यातली ही लक्षणं फारशी ओसरलेली दिसली नाहीत.